लहान साप पाळायचा आहे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या मुलाला, तो आता अकरावीत आहे, गेली दोन वर्षे साप पाळण्याची इच्छा आहे. आम्ही मनीषनगरमध्ये एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. ओळखीतल्या एका विक्रेत्याकडे बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या दोन्ही परदेशी सापांची पिल्ले आहेत आणि मे महिन्यात पिल्लू आणून देतो, असे तो म्हणतो. फार मोठा न होणारा साप हवा असेल, तर यांतला कोणता घ्यावा?
एक पालक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आपण मुलाच्या हट्टाला लगेच होकार न देता आधी विचारणा केली, याचे समाधान वाटते. ‘फार मोठा न होणारा’ या शब्दांचा अर्थ मात्र प्रथम नीट ठरवून घ्यावा. कॉर्न स्नेकचे नुकतेच अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू जेमतेम वीतभर किंवा त्याहून थोडे लांब आणि पेन्सिलीएवढे जाड असते. तेच पुढे तीन ते पाच फुटांचे होते. बॉल पायथनची लांबीही साधारण तेवढीच भरते, पण अंगाने तो कितीतरी जाड आणि वजनदार असतो. आयुष्याचे म्हणाल, तर चांगल्या देखभालीत कॉर्न स्नेक पंधरा ते वीस वर्षे जगतो आणि बॉल पायथन वीस ते तीस वर्षे. आज अकरावीत असलेला मुलगा दोन वर्षांत शिक्षणासाठी पुण्याला किंवा आणखी कुठे गेला, तर पुढची सगळी वर्षे साप आपल्याकडेच राहणार आहे. म्हणून हा निर्णय मुलाचा नसून आपल्या दोघांचा आहे, असे समजूनच तो घ्यावा.

यानंतर कागदपत्रे. बॉल पायथन हा आफ्रिकेतील साप असला, तरी अजगरांच्या कुळातील असल्यामुळे त्याचे नाव वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर अशा प्राण्याची नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले आहे. प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत ही नोंदणी करावी लागते, आणि पुढे तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो दगावला, तर तेही कळवावे लागते. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तो या यादीत नाही, त्यामुळे ही नोंदणी त्याला लागू होत नाही. पण म्हणून तो कोणत्याही मार्गाने आलेला चालतो असे नाही. परदेशी प्राणी परवान्याविना देशात आणणे हा गुन्हाच आहे. पिल्लू कुठे जन्मले, त्याचे आईबाप कोणाकडे आहेत, हे विक्रेत्याने बिलावर लिहून द्यावे. ‘कागद नंतर देतो’ असे तो म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवावा, मग ओळख कितीही जुनी असो. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय आपल्याच शहरात, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे. पैसे देण्यापूर्वी तिथे जाऊन विचारणे इतर गावच्या लोकांपेक्षा आपल्याला सोपे आहे.

या दोहोंत मी कॉर्न स्नेकच सुचवीन, आणि त्याचे मुख्य कारण नागपूरचे हवामान आहे. बॉल पायथनला बऱ्यापैकी दमट हवा लागते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच राहून जातो. शिवाय हा साप महिनोन् महिने अन्न नाकारू शकतो, आणि अशा वेळी नवशिक्या माणसाचा धीर सुटतो. कॉर्न स्नेक सहसा नियमित खातो, हाताळण्यास शांत असतो आणि थोडीफार चूक सोसून घेतो. आकार याहूनही लहान हवा असेल, तर केनियन सँड बोआ कोरड्या हवेत चांगला राहतो आणि त्याचा नर क्वचितच दोन फुटांच्या पुढे जातो. मात्र तोही ‘साइट्स’च्या यादीत आहे, त्यातच दिसायला तो आपल्याकडच्या डुरक्या घोणस या संरक्षित, बिनविषारी सापासारखा असल्यामुळे कागद हाताशी नसतील, तर फार त्रास होऊ शकतो.

पिल्लू निवडताना रंगाला भुलू नये. ते हातात घ्यावे. निरोगी पिल्लू बोटांना घट्ट विळखा घालते आणि सारखी जीभ बाहेर काढत राहते. त्याचे डोळे स्वच्छ असावेत, गुदद्वाराजवळ घाण चिकटलेली नसावी आणि पोटाखालचे खवले लालसर किंवा कुजलेले नसावेत. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडाशी बुडबुडे येणे ही श्वसनमार्गाच्या आजाराची लक्षणे आहेत. डोळ्यांभोवती किंवा हनुवटीखाली काळे, मोहरीहून बारीक किडे दिसले, तर त्या दुकानातले कोणतेही पिल्लू घेऊ नये, कारण हे किडे एका पेटीतून दुसरीत सहज जातात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिल्लाने आपल्यासमोर मेलेला, बर्फातून काढून कोमट केलेला उंदीर खाऊन दाखवला पाहिजे. त्यासाठी दुकानात दुसरी खेप करावी लागली, तरी ती करावी.

विक्रेता मे महिन्यात पिल्लू देतो म्हणतो, ते मात्र कृपया स्वीकारू नका. पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या दिवसांत, स्लॅब तापलेल्या वरच्या मजल्यावर, प्रवासाने शिणलेले पिल्लू आणणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. कॉर्न स्नेकला पेटीच्या एका टोकाला सुमारे तीस अंश आणि दुसऱ्या टोकाला चोवीस-पंचवीस अंश तापमान हवे असते. ऊब हवी की गारवा, हे त्याला स्वतः सरकून ठरवता आले पाहिजे, म्हणून दोन्ही टोकांना लपायला जागा द्यावी. आपल्याकडे थंडीत पेटी उबवणे सोपे आहे. थर्मोस्टॅट (तापमान आपोआप राखणारे उपकरण) लावलेली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, ते काम करते. कठीण असते ते उन्हाळ्यात पेटी थंड ठेवणे. कूलरचा झोत थेट पेटीवर सोडला, तर आतले सगळे ओलसर होऊन पोटाचे खवले कुजतात. त्यापेक्षा पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीलगत ठेवावी. दुपारी वीज गेल्यास कापडात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या पेटीला बाहेरून टेकवून ठेवता येतात. पेटी आधी मांडून एक पूर्ण उन्हाळा तापमान मोजा आणि खोली बत्तीस-तेहतीस अंशांखाली राहते असे दिसले, तरच पावसाळ्यानंतर पिल्लू आणा, असे मी मनापासून सांगेन.

पेटीला कुलूप हवेच. कॉर्न स्नेक दिसायला आपल्या तस्कर या बिनविषारी सापासारखा असतो, आणि तो जिन्यात दिसला तर शेजारी चौकशी करीत बसणार नाहीत, काठी उचलतील. उलट, घरात साप दिसला म्हणजे तो आपलाच असणार असे गृहीत धरून त्याला हात लावू नये. नागपुरात मण्यार, नाग आणि घोणस घरांपर्यंत येतात. आधी पेटीत पाहावे, मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात मांडूळ सापडले आहे. ते विषारी नसते आणि लहानही असते, म्हणून तेच पाळावे असे वाटते. एक गृहस्थ त्याला मोठी किंमत द्यायलाही तयार आहेत.
एक शेतकरी वाचक

उत्तर : ते आजच, जिथे सापडले तिथेच, सोडून द्यावे. मांडूळ विषारी नाही हे खरे, पण धामण, तस्कर किंवा अजगर यांच्याप्रमाणेच त्यालाही कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या मातीतला वन्य साप घरात ठेवणे आणि विकणे, दोन्ही गुन्हे आहेत. बोथट शेपटीमुळे ते दुतोंडी भासते आणि त्यावरूनच गुप्तधनाच्या व पैशांच्या पावसाच्या भूलथापा पसरवल्या जातात. किंमत देऊ करणारे गृहस्थ अशाच कुणासाठी काम करीत असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांचा निरोप जपून ठेवा आणि वन विभागाला दाखवा. मांडूळ भुसभुशीत मातीत राहून उंदीर खाते. आपल्या बगीच्यात त्याचे राहणे आपल्याच फायद्याचे आहे.

प्रश्न : आमच्याकडे मांसाहार होत नाही. कॉर्न स्नेकला दूध, पनीर किंवा अन्य काही देऊन वाढवता येईल का?
एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही. साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीच्या आधी उपाशी-तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते पितो आणि त्यातून आजारी पडतो. कॉर्न स्नेकला आयुष्यभर अख्खे उंदीरच लागतात, पिल्लाला पाच ते सात दिवसांनी आणि मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी, सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढ्या आकाराचे. घरात पकडलेला उंदीर देऊ नये, कारण त्याच्या पोटात विष किंवा जंत असू शकतात. त्यामुळे गोठवलेले उंदीर वेगळ्या लहान फ्रीजमध्ये ठेवावे लागतील, देताना कोमट पाण्यात ठेवून उबवावे लागतील आणि नंतर हात साबणाने धुवावे लागतील. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा फ्रीज दाखवून, त्यात काय असणार हे स्पष्ट सांगून त्यांचा होकार मिळाला, तरच पुढच्या चौकशीला लागावे.