एरिन म्हणजे आर्यन नव्हे हो!

एका ताईंनी विचारलंय की मुलीचं नाव एरिन ठेवायचंय, अर्थ काय, आणि ते 'आर्य'वरून आलंय असं घरात कुणीतरी म्हणतंय ते खरं का. नाही! एरिन म्हणजे आयर्लंड, आणि आयर्लंड म्हणजे आर्यांचा देश, असं हे 'आर्यलंड' प्रकरण मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. एकोणिसाव्या शतकात पिक्टे नावाच्या स्विस पंडितानं ते काढलं, संस्कृतचे पंडित मॅक्स म्युलर यांनी आपल्या व्याख्यानांत घेतलं, आणि म्युलर म्हटलं की आपल्याकडे विषय संपला.

अहो पण टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानं दुसऱ्या शतकात आयर्लंडच्या बेटाचं नाव 'इवेर्निया' असं लिहिलंय. त्यात 'व' आहे. 'आर्य'मध्ये 'व' कुठंय? रोमन लोकांनी त्याचंच हिबेर्निया केलं, त्यांच्या भाषेत हिबेर्नुस म्हणजे हिवाळी, म्हणजे ओढूनताणून व्युत्पत्ती लावायची खोड तेव्हापासूनचीच.

आता खरी मजा. केल्टिक भाषांनी, म्हणजे आयरिश ज्या कुळातली त्यांनी, शब्दाच्या सुरुवातीचा 'प' पार गिळून टाकला. आपला पिता तो आयरिशमधे 'अहिर', आपलं पूर्ण ते 'लान', म्हणजे भरलेलं. तसाच 'इवेरिउ' या जुन्या नावाच्या पुढे गेलेला 'प' परत लावून बघा, थेट संस्कृत 'पीवरी' समोर उभी राहते! पीवर म्हणजे पुष्ट, भरलेलं, पीनपयोधरातला 'पीन' तो याच घरातला. म्हणजे देशाचं नाव काय, तर पुष्ट भूमी, आपण जिला कसदार जमीन म्हणतो ती. त्याच इवेरिउचं पुढे एरिउ झालं, आणि एरिउ ही तिथली देवीपण आहे, पुराणकथेत बान्बा, फोड्ला आणि ही अशा तिघी बहिणी, तिघींची नावं देशाला, पण टिकलं हिचंच. काही जण अजूनही 'पश्चिमेकडचा देश' असा अर्थ लावतात, त्यांनी आधी त्या 'व'चा हिशोब द्यावा मग बोलावं.

हां, ताईंचा प्रश्न राहिलाच. एरिन म्हणजे आयर्लंडच, पण ते मूळ नाव नाही, विभक्तीतलं रूप आहे, आयरिशमधे 'आयर्लंडमध्ये' म्हणताना जे येतं ते, म्हणजे मुलीचं नाव 'कोकणात' ठेवल्यासारखं, पण इंग्रजी कवींनी तेच उचललं आणि आता जगभर चालतं, तेव्हा ठेवा खुशाल. फक्त पीवरीचा दुसरा अर्थ जाडी असाही होतो, तेवढा सासूबाईंना सांगू नका.