सिबिल ७८० आहे, अमेरिकेत चालेल का?

परभणीहून डॅलसला निघताना तू दोन गोष्टी विचारल्यास: भारतातला सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारा गुणांक, इकडे अमेरिकेत चालेल का आणि शिक्षणकर्जाच्या हप्त्यांचं काय करू.

स्कोअर चालेल असं धरून येऊ नकोस. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन खासगी कंपन्या अमेरिकेतल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवतात. नावं भारतातही तीच दिसतील, पण तिथली नोंद आपोआप इकडे येत नाही. तुझी फाइल कोरी असेल आणि कोऱ्या फाइलवाल्याकडे घरमालक बहुतेक वेळा जास्त डिपॉझिट मागतो. सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) मिळाला की दोन-तीनशे डॉलर अनामत ठेवून सिक्युअर्ड कार्ड घे. बँक तिन्हीकडे नोंद कळवते ना, ते आधी विचार. त्यावर किराणा आण, बिल मुदतीत पूर्ण भर. खातं सहा महिन्यांचं झाल्याशिवाय फायको स्कोअर, म्हणजे इथला सिबिलसारखा गुणांक, निघत नाही. एकदम चार कार्डांना अर्ज करू नकोस; प्रत्येक अर्जाची चौकशी २ वर्षं दिसते. थकबाकी तर ७ वर्षं.

इथली मला पटलेली गोष्ट म्हणजे या क्रेडिट नोंदींबद्दलचा १९७० चा कायदा. तुझी फाइल कुणी उघडली हे तुला दिसतं आणि कारणाशिवाय ती कुणी उघडू शकत नाही. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर तिन्ही रिपोर्ट दर आठवड्याला फुकट मिळतात. ते खरंच वाच. माझ्या रिपोर्टात आडनाव सारखं असलेल्या एका परक्या बाईचं दुकानाचं कार्ड घुसलं होतं, त्यावर थकबाकीही होती. लेखी तक्रार केली, पासपोर्टची प्रत जोडली. अशा तक्रारीची चौकशी साधारण ३० दिवसांत करावीच लागते. नोंद निघाली. आपलं नाव, वडलांचं नाव, आडनाव सगळीकडे एकाच स्पेलिंगनं लिही.

आता हप्ते, आणि हे जास्त महत्त्वाचं. कर्जावर वडील सहकर्जदार आहेत. तू हप्ता चुकवलास तर डाग त्यांच्याही सिबिलला लागतो. उद्या ट्रॅक्टरच्या कर्जाला गेले की बँकेत मान खाली त्यांना घालावी लागेल. इकडे आल्यावर भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करावं लागतं. तेव्हा हप्त्याची ऑटो-डेबिट सूचना नव्या खात्यावर चालू आहे का, हे शाखेतून लेखी घे. भारतातला मोबाइल नंबर चालू ठेव, ओटीपी त्यावरच येतात. कर्ज फिटलं की बेबाकी प्रमाणपत्र घ्यायला वडलांना सांग आणि महिना-दीड महिन्यानं दोघांच्याही सिबिलवर खातं बंद दिसतंय का, ते बघ.