दुपारी कुलूप लागणारे उद्यान कोणासाठी?

प्रश्न : मानेवाडा भागात आमच्या वसाहतीला लागून महापालिकेचे मैदान आहे आणि त्यापलीकडे झोपडपट्टी. मैदानाचे उद्यान करण्याचे घाटत असून उंच जाळी, हिरवळ, ग्रीन जिम आणि सकाळी ५ ते ९ व सायंकाळी ४.३० ते ८.३० एवढीच वेळ, असा आमच्या नागरिक समितीचा आग्रह आहे. वस्तीतील लोकांनाही ते आपले वाटावे, यासाठी मी समितीपुढे काय मांडावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : जाळीकडे नंतर वळू, आधी वेळापत्रक पाहावे. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ अंशांचे आपल्याला आता फारसे नवलही वाटत नाही. अशा दुपारी टिनाच्या छपराखालच्या दहा बाय दहाच्या खोलीत बाळंतीण, म्हातारी माणसे आणि सुटीतली पोरे कोंडलेली असतात. कूलर असला तरी समोर खिडकी नसल्याने हवा खेळत नाही आणि नुसता दमटपणा वाढतो. आपल्या वसाहतीला मैदान सकाळ-संध्याकाळ फिरण्यापुरते लागते, वस्तीला ते बारा ते चार या वेळात लागते, आणि नेमके तेव्हाच त्याला कुलूप असणार आहे. महापालिकेचा उष्माघात प्रतिबंधक कृती आराखडा आहे. त्याचा आधार घेऊन उद्यान दिवसभर उघडे ठेवण्याची मागणी सर्वप्रथम लेखी करावी.

वेळेचे बंधन सुटले की उद्यानाचा आराखडाही बदलतो. हिरवळ उन्हाळ्यात पाणी पिते आणि सावली देत नाही. शोभेच्या पामविषयी तर न बोललेलेच बरे. कडुनिंब आणि करंज यांना चैत्राच्या सुमारास नवी पालवी फुटते, त्यामुळे ऐन मे महिन्यात त्यांची सावली दाट असते. त्यांच्या बुंध्याभोवती शहाबादी फरशीचे रुंद ओटे बांधावेत. मध्ये लोखंडी दांडे असलेल्या बाकावर एकट्याने टेकता येते. ओट्यावर बाई मांडी घालून भाजी निवडते, शेजारी लेकरू झोपते आणि ठिय्यावरून काम न मिळता परतलेला मजूर घटकाभर आडवा होतो. ग्रीन जिमची लोखंडी यंत्रे दुपारी हात लावू देत नाहीत, म्हणून तीही झाडाखालीच असावीत.

पाण्याचा नळ आणि स्त्रियांचे स्वच्छतागृह दर्शनी बाजूला, दिव्याखाली हवे. ते मागच्या कोपऱ्यात गेले, तर अंधार पडल्यावर तिकडे कोणी फिरकत नाही, हे आपण अनेक ठिकाणी पाहतो. दारापाशी चहा-पोह्याचे ठेले राहू द्यावेत, कारण रात्री फाटकाजवळ वर्दळ असली की बायका निर्धास्त येतात. ठेल्यांच्या जागांचा विचार नगर पथविक्रेता समितीमार्फत व्हायला हवा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिच्यातील किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असतात.

आता जाळी. गुरे आणि वाहने अडवण्यापुरती कमरेइतकी उंची पुरे. मात्र वस्तीच्या बाजूनेही एक फाटक असलेच पाहिजे, नाहीतर शंभर पावलांच्या मैदानासाठी म्हाताऱ्यांना सगळा वळसा घालावा लागेल.

हे मांडण्यासाठी समितीची बैठक सोसायटीच्या सभागृहात दुपारी ठेवू नये. धुणीभांडी करणाऱ्या बायका तेव्हा आपल्याच घरांत कामावर असतात. रात्री आठनंतर, मैदानातच, सतरंजी टाकून बसावे.