शार्ल द गोल विमानतळावरून पॅरिसला न जाता थेट उत्तर फ्रान्समधल्या अरास गावाला जाता येतं का? आई-वडिलांना नेण्यासारखं तिथे काही आहे का?

जाता येतं. पॅरिसमध्ये पाऊलही टाकावं लागत नाही. टर्मिनल २ मध्येच टीजीव्हीचं, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान रेल्वेचं, स्टेशन आहे. टर्मिनल १ ला उतरलात तर विमानतळाची फुकट छोटी रेल्वे तिथे आणून सोडते. तिथून अरास पाऊण-एक तासावर. तिकीट त्याच गाडीपुरतं असतं, ती चुकली की ते पुढच्या गाडीत चालेलच असं नाही. म्हणून विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत तीन तास मोकळे ठेवा. आई-वडील बरोबर आहेत, इमिग्रेशनच्या रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपायला हवं होतं. पण खाली तुम्ही लिहिलंय, ‘एका ओळखीच्यांचं म्हणणं, ते गाव महायुद्धात उद्ध्वस्त झालं, आता दिसतं ते सगळं नंतर बांधलेलं, त्यापेक्षा पॅरिसच नीट करा.’ हे वाक्य मी आमच्या घरात शब्दशः ऐकलंय आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, म्हणून पुढचं लिहितेय.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही उत्तरेकडच्याच लील शहरात राहायचो. तेव्हा सासूबाई, सासरे आणि माझे मोठे दीर आले होते. दिरांना सगळे दादा म्हणतात. पुण्यात त्यांचा बांधकामाचा व्यवसाय आहे, जुने वाडे आणि सोसायट्या रिडेव्हलपमेंटला घेतात. फ्रान्सला यायच्या आधीच त्यांनी व्हॉट्सअॅपवर वेळापत्रक पाठवलं होतं: विमानतळावरून पॅरिस, तीन दिवस तिथे, मग उरलाच वेळ तर ‘तुमचं ते लील’. मी म्हटलं, आधी थेट अरासला उतरू, रात्र तिथे काढू, सासूबाईंना विश्रांती मिळेल, पॅरिस नंतर आहेच. तर म्हणे, विमानतळावरून थेट गाडी खेडेगावाला कशी जाईल, मधे पॅरिस लागणारच. गाडीत बसल्यावरही पॅरिस कधी येतं म्हणून खिडकीला नाक लावून बसले होते. बाहेर सपाट शेतं. ती संपली आणि अरास आलं, तेव्हा घड्याळ बघून म्हणाले, ‘बरी आहे व्यवस्था.’ त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

स्टेशनपासून चौकांपर्यंत दहा-बारा मिनिटं चालायचं. दोन चौक शेजारी-शेजारी, ग्रां प्लास आणि प्लास दे एरो. दोन्हींभोवती मिळून दीडशेच्या वर घरं, वर नक्षीदार वळणाची निमुळती छपरं, खाली ओळीने कमानी. सतराव्या-अठराव्या शतकातली फ्लेमिश धाटणी. एक घर त्याहून जुनं, १४६७ सालचं, छप्पर पायऱ्यापायऱ्यांचं. सासरे कमानीखाली उभे राहून नुसते बघत राहिले. दादांनी मात्र एका खांबावर बोटाने टकटक केली आणि घंटाघराच्या मनोऱ्याकडे बघत जाहीर केलं, ‘आत आरसीसी असणार. डुप्लिकेट आहे सगळं.’

आता माणूस धंद्यातला आहे, टकटक करून ओळखलं ते खोटं नव्हतं. पहिल्या महायुद्धात जर्मन आघाडी गावाच्या वेशीवर होती. २१ ऑक्टोबर १९१४ ला तोफांनी मनोरा पाडला, युद्ध संपेपर्यंत गावाचा तीन चतुर्थांश भाग ढिगारा झाला होता. मग पिएर पाके नावाच्या वास्तुविशारदाने नगरभवन, मनोरा आणि चौक पुन्हा उभे केले. पंच्याहत्तर मीटरचा मनोरा १९३२ पर्यंत तयार झाला आणि हो, त्यात प्रबलित काँक्रीट आहे. हे कुणी लपवत नाही. युनेस्कोने २००५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत घेतला तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.

मग डुप्लिकेट कशाला म्हणायचं? लोकांची घरं गेली होती, पैसा नव्हता, तरी त्यांनी जुनी चित्रं, जुने फोटो समोर ठेवून तेच दर्शनी भाग, त्याच उंचीत, त्याच रांगेत बांधले. नवीन, स्वस्त, उंच बांधायची याहून चांगली सबब कुठल्या गावाला मिळाली असती? आमच्याकडे तोफा न लागता वाडे पडतात.

आमचा पडलाच. सासऱ्यांच्या आजोबांचा वाडा, पेठेत, दोन चौकांचा. भाडेकरू होते, छप्पर गळत होतं, हे सगळं खरं. तो पाडू नका असं मी कधीच म्हटलं नाही. मी एवढंच म्हटलं होतं की रस्त्याकडची भिंत, दिंडी दरवाजा आणि पहिल्या चौकाचे सागवानी खांब ठेवा, मागे काय मजले चढवायचे ते चढवा. दादा म्हणाले, पार्किंगचं गणित बसत नाही. मी नवीन सून, गप्प बसले. खांब जुन्या बाजारात गेले, दरवाजा कुणाच्या तरी फार्महाऊसवर लागला म्हणतात. आता तिथे काच लावलेली पाच मजली इमारत आहे आणि तिच्यावर वाड्याचं नाव आहे. त्या नावाला डुप्लिकेट म्हणावं, अरासला नाही.

आणि पार्किंगचंच म्हणाल तर ग्रां प्लासच्या खाली पार्किंग आहे! अख्ख्या चौकाखाली गाड्या उभ्या असतात, वर दगडी फरसबंदी आणि भोवती जुनी रांग तशीच. हे दादांना मी मुद्दाम दाखवलं. जिन्याने खाली नेऊन. ते बराच वेळ स्लॅब आणि खांबांमधलं अंतर बघत होते. माझ्याशी मात्र त्यावर काही बोलले नाहीत, सासऱ्यांना म्हणाले, ‘वॉटरप्रूफिंग चांगलं केलंय.’

बरं, तुमच्या आई-वडिलांचं. मनोऱ्यावर लिफ्ट जाते, पण शेवटचे जिने पायी चढावे लागतात, गुडघे दुखत असतील तर सोडून द्या. नगरभवनाखाली ‘बोव्ह’ नावाची जुनी तळघरं आहेत, तीही पायऱ्यांची. त्याऐवजी त्यांना वेलिंग्टन खाणीत न्या, तिथे काचेची लिफ्ट वीस मीटर खाली नेते. गाव बांधायला चुनखडीचा दगड काढला, त्या या खाणी. न्यूझीलंडच्या भुयारं खोदणाऱ्या सैनिकांनी त्या एकमेकींना जोडल्या, भुयारांना आपल्या शहरांची नावं दिली, आणि ९ एप्रिल १९१७ च्या जर्मनांवरच्या पहाटेच्या हल्ल्याआधी चोवीस हजार सैनिक तिथे लपून होते. भिंतींवर त्यांनी काढलेली चित्रं अजून दिसतात. आत बाराही महिने गारठा, स्वेटर हवाच. फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी रोबेस्पिएर याच गावचा, १७५८ चा जन्म, पण गाव त्याचा फारसा गाजावाजा करत नाही. का ते त्यांचं त्यांना माहीत.

एक दिवस जास्त असेल तर गाडी भाड्याने घेऊन नव्ह-शापेलला जा, अरासहून सुमारे चाळीस किलोमीटर. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियममध्ये मेलेल्या आणि ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चार हजार सातशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. गोल आवार, दगडी जाळीची भिंत, दोन वाघ, मधोमध कमळाचा स्तंभ. सासरे तिथे एकेक नाव वाचत होते, त्यांना तिथून हलवायला मला वेळ लागला. आसपास चहासुद्धा मिळत नाही, डबा बरोबर ठेवा.

आता अडचणींचंही ऐका. विमानतळावरून अरासला थेट गाड्या दिवसातून मोजक्याच असतात, आणि विमानतळावरून उत्तरेकडे जाणारी प्रत्येक टीजीव्ही अरासला थांबत नाही. तिकीट काढताना नीट बघा. वेळ जुळत नसेल तर नाइलाजाने आरईआर बी या लोकल गाडीने पॅरिसचं गार द्यु नॉर स्टेशन गाठा. तिथून अरासच्या गाड्या पुष्कळ आहेत आणि स्टेशन बदलावं लागत नाही, पण गर्दीत पाकीट सांभाळा. टीजीव्हीत मोठ्या बॅगा माणशी दोनच चालतात, पापड-लोणच्यांची तिसरी बॅग घरी ठेवा. संपाची बातमी आदल्या दिवशी बघत जा. शाकाहारी असाल तर हॉटेलात आधी विचारा, गावाची ख्याती आतड्याच्या सॉसेजची आहे. जमलं तर शनिवारी सकाळी तिथे असा, चौकात बाजार भरतो, ब्रेड, चीज, फळं घेऊन कमानीखाली बसून खाता येतं. दादांनी तिथे घासाघीस करून पाहिली. चीजवाल्या बाईंनी एक पैसा कमी केला नाही.