नाशिकमध्ये १० किलोमीटरची रोड रेस धावायची आहे, हलके बूट कसे निवडावेत?

एका बुटाचं वजन २०० ते २३० ग्रॅम आणि टाच पुढच्या भागापेक्षा ६ ते ८ मिलिमीटर उंच, असा बूट घ्या. पहिल्याच रेसला कार्बन प्लेट (तळात बसवलेली कडक पट्टी) नको. २०० ग्रॅमहून हलक्या बुटात बहुतेकदा तळाचं रबर कमी केलेलं असतं, गंगापूर रोडच्या डांबरावर ते लवकर झिजतं. बूट संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, धावायचेच मोजे घालून बघा. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच, नाहीतर उतारावर बोट पुढे आपटून नख काळं पडतं. टाच मात्र बुटातून उचलली जाता कामा नये. रेसआधी त्यात ४०-५० किलोमीटर धावून घ्या. टाचेचं किंवा पोटरीचं जुनं दुखणं असेल तर वजन विसरा, रोजचा जाड तळाचाच बूट बरा.