सैराटनंतर मराठी सिनेमा सुटला. आता पुन्हा कुठून सुरू करू? मालिकांत बघण्यासारखं काही उरलंय का?

तुम्ही विचारलंय की २०१६ ला 'सैराट' थिएटरात पाहिला आणि त्यानंतर मराठीकडे फिरकला नाहीत. आता कुठला सिनेमा बघावा, कुठला नट-दिग्दर्शक धरावा आणि मालिकांकडे वळावं की नाही. तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे मतं आहेत, आणि ती मऊ नाहीत.

पहिलं म्हणजे नट बघून तिकीट काढू नका. आपल्याकडे एकच नट एका सिनेमात जीव ओततो आणि पुढच्या सिनेमात लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा पडद्यावर वावरतो. त्याला दोष देत नाही मी. मराठीत नुसत्या सिनेमावर घर चालत नाही, मग नाटकाचे दौरे, सूत्रसंचालन, परीक्षकाची खुर्ची, सगळं करावं लागतं. म्हणून मी आधी बघते लिहिलंय कुणी, मग दिग्दर्शक कोण, आणि नट सगळ्यात शेवटी. एकच अपवाद आहे, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

सुरुवात 'वाळवी'पासून करा. जानेवारी २०२३ चा परेश मोकाशींचा सिनेमा, मधुगंधा कुलकर्णींबरोबर लिहिलेला. नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोचा काटा काढायचा बेत करतात, इतकंच सांगते. पुढचं कुणी सांगायला लागलं तर कानात बोटं घाला. स्वप्नील जोशीचं गोड हसू आपण 'मुंबई-पुणे-मुंबई'पासून बघत आलोय. मोकाशींनी तेच हसू इथे असं वापरलंय की तो हसला की आपल्याला धास्ती वाटते. सुबोध भावे तर एका प्रसंगात नुसता बडबडतो आणि आपण खुर्चीच्या टोकावर. पावणेदोन तासांत सिनेमा आटोपतो, एक गाणं मध्ये घुसत नाही. २०२२ सालच्या उत्तम मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार यालाच मिळाला. रहस्यपटाला तो मिळतो याचंच मला कोण कौतुक वाटलं, कारण एरवी पुरस्कार म्हटला की कुणाचं तरी गाव, दुष्काळ आणि शेवटी रडणं आलंच.

मोकाशींचं मला काय आवडतं, तर ते प्रेक्षकाला समजावून सांगत बसत नाहीत. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये दादासाहेब फाळके हा मोठा माणूस आहे असं एकही पात्र म्हणत नाही. घरातलं फर्निचर विकून कॅमेऱ्यामागे लागलेला एक खटपट्या गृहस्थ दिसतो आणि आपण हसता हसता त्याला मानायला लागतो. त्यांनीच लिहिलेला 'आत्मपॅम्फ्लेट' तुमच्याकडून नक्की सुटला असणार, कारण तो ऑक्टोबर २०२३ मध्ये आला कधी आणि गेला कधी हे भल्याभल्यांना कळलं नाही. दिग्दर्शक आशिष बेंडे, पहिलाच सिनेमा. शाळेतल्या एका मुलीवर जीव जडलेल्या मुलाची गोष्ट, आणि त्याच्या प्रेमाच्या प्रत्येक टप्प्यावर देशात काही ना काही घडतंय. जात, मंडल, बाबरी, सगळं त्या पोराच्या वर्गातल्या बाकापर्यंत येऊन पोचतं. हे सगळं विनोदात, आणि विनोद कुठेही चावट नाही. बर्लिनच्या महोत्सवात गेला, २०२५ मध्ये बेंड्यांना पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. आता म्हणाल, मग मोकाशींचं सगळंच बघू का? नाही. 'मु. पो. बोंबिलवाडी' नाटक म्हणून धमाल होतं. सिनेमात प्रशांत दामले हिटलर झालेत, तरीही मला ते रंगमंचावरून उचलून तसंच कॅमेऱ्यासमोर ठेवल्यासारखं वाटलं. नाटकात फार्सला प्रेक्षकांच्या हशाची जोड असते. ती काढली की मधल्या जागा रिकाम्या दिसतात.

आता अपवादाबद्दल. दिलीप प्रभावळकर. १९४४ चा जन्म. सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' आला तेव्हा त्यांना ८१ पूर्ण झाली होती, आणि तो सिनेमा त्यांनी अक्षरशः एकट्याने खांद्यावर घेतलाय. सुबोध खानोलकर दिग्दर्शक, संवाद गुरू ठाकूरचे. बाबुली मेस्त्री हा दशावतारात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, आयुष्य काढलेला म्हातारा, नजर अधू झालीये, मुलगा म्हणतोय आता बस करा, आणि याला तोंडाला रंग लावल्याशिवाय जगणं जमत नाही. पहिल्या अर्ध्या भागात बापलेकाचे जे प्रसंग आहेत, त्यांच्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा बघेन. प्रभावळकर तिथे अभिनय करताना सापडतच नाहीत. भाकरी मोडतात, मुलाकडे बघतात, मालवणीत एखादं वाक्य पुटपुटतात. दुसऱ्या भागात कोकणातल्या खाणींचा मुद्दा येतो आणि सिनेमा सूडाच्या वाटेला लागतो. तिथे लेखन ढिलं पडलंय असं माझं स्पष्ट मत आहे. खलनायक मंडळी आल्या आल्या ओळखू येतात. कन्नड 'कांतारा' सिनेमाशी तुलना सगळ्यांनी केली, मला ती फारशी पटली नाही. तिथे दैव अंगात येतं. इथे नट सोंग घेतो, आणि सोंग घेतलेल्या माणसाचं पुढे काय होतं हा वेगळाच, जास्त नाजूक प्रश्न आहे. सिनेमाने तो धरून ठेवायला हवा होता.

तरीही विचार करा. चिमणराव, 'चौकट राजा'तला नंदू, 'झपाटलेला'तला तात्या विंचू, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबा, 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी, आणि आता बाबुली. एका माणसाचे हे सगळे चेहरे ओळीने लावले तर मेकअप उतरवलेला मूळ माणूस दिसतो कसा हेच विसरायला होतं. 'दशावतार' चालला, लोकांनी गर्दी केली, याचा मला त्या सिनेमाहून जास्त आनंद झाला.

गर्दी न झालेल्यांकडे येऊ. त्याच सप्टेंबरात, आठवड्याच्या फरकाने, 'साबर बोंडं' लागला होता. रोहन परशुराम कानवडेचा पहिला सिनेमा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आलेला. मराठीत हे आधी कुणाला मिळालेलं नाही. वडील गेल्यावर मुंबईत नोकरी करणारा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. चप्पल घालायची नाही, हे खायचं नाही, तिथे बसायचं नाही, आणि प्रत्येक नातेवाइकाचा एकच प्रश्न, लग्न कधी? त्याला पुरुष आवडतात हे आईला ठाऊक आहे. गावात बालपणीचा मित्र आहे. बस. पार्श्वसंगीत नाही, आरडाओरडा नाही, कुणी कुणाला घराबाहेर काढत नाही. अशा विषयावरच्या सिनेमात मी सारखी वाट बघत होते की आता कानाखाली बसणार, आता रडारड होणार; ते होतच नाही, आणि त्या न होण्याने मी पार विरघळले. तो बघायला दुसऱ्या शहरातल्या थिएटरात जावं लागलं, शो एकच आणि तोही भर दुपारचा. मराठी सिनेमाला प्रेक्षक नाहीत म्हणणाऱ्यांनी नोकरी करणारा माणूस दुपारी दोनला कसा येणार हेही सांगावं.

'स्थळ'चं तसंच. मार्च २०२५. जयंत सोमलकर दिग्दर्शक, चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, तिथलीच माणसं, आणि वऱ्हाडीकडे झुकणारी खरीखुरी बोली. पुण्यात बसून 'गा' आणि 'बे' चिकटवून केलेली नव्हे. मुलगी बघायला पाहुणे येतात, ती पाटावर बसते, नाव सांग, शिक्षण किती, उंची किती, शेतात काम करतेस का. नकार. पुन्हा पाहुणे, पुन्हा तोच पाट, तेच पोहे, तेच प्रश्न. दिग्दर्शकाने तोच प्रसंग इतक्यांदा दाखवलाय की तिसऱ्या वेळी आपण हसतो, पुढे पुढे हसायची लाज वाटते. नंदिनी चिकटे या मुलीचा चेहरा लक्षात ठेवा. तिला संवाद फार नाहीत, मान खाली घालून बसणं आहे. पण प्रत्येक वेळी ती मान वेगळी खाली जाते. कापसाचा भाव आणि हुंड्याचा आकडा एकाच घरात कसे भिडतात हे मी भाषणातून बऱ्याचदा ऐकलं होतं, पण कळलं ते इथे.

ऐतिहासिकांवर एकच परिच्छेद, कारण त्यांवर बोललं की भांडणं होतात. दिग्पाल लांजेकरांची 'फर्जंद'पासूनची शिवकालीन सिनेमांची मालिका मी नेमाने पाहिली. त्यातला 'पावनखिंड' अजय पुरकरांच्या बाजीप्रभूंसाठी जरूर बघा. पण चौथ्या-पाचव्या सिनेमानंतर तीच रचना, तोच हेर, तीच गाण्यातली वीररसाची उंची, आणि संगणकावर काढलेले तेच कडे. महाराजांबद्दल प्रेम आहे म्हणून सिनेमाबद्दल बोलायचं नाही, हे मला मान्य नाही.

आणि हो, 'बाईपण भारी देवा' राहिला. २०२३ चा सगळ्यात चाललेला मराठी सिनेमा. नऊवारी नेसून, गॉगल लावून बायकांचे ग्रुप थिएटरात जात होते, त्यात आमच्या डोंबिवलीच्या बायकाही होत्या आणि त्यात मीही होते. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. कथा मालिकेची आहे हे कबूल, पण वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी समोरासमोर आल्या की कथेचं कोण विचारतो! केदार शिंदेंचाच 'महाराष्ट्र शाहीर' दोनच महिने आधी आला होता, त्याच्यावर मेहनत जास्त दिसते, चालला मात्र हा. प्रेक्षकाचं गणित कुणालाच सुटलेलं नाही.

मालिका. इथे मी जरा कडवट आहे, कारण प्रेमातून आलेला कडवटपणा आहे. केदार शिंद्यांनीच 'श्रीयुत गंगाधर टिपरे' केली होती. आठवड्यातून एक भाग, एक घर, पाच माणसं, आणि प्रत्येक भागात काहीतरी छोटंसं घडून संपायचं. आता आठवड्याचे सहा-सात भाग, वर रविवारी महाएपिसोड. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि शुक्रवारी नायिकेच्या नशिबात काय आहे ते त्यावरून ठरतं. या वेगात कुठलाही लेखक लिहिणार तरी काय? सकाळी पान, दुपारी चित्रीकरण. मग एका चहाच्या कपाभोवती तीन वेळा कॅमेरा फिरतो आणि प्रत्येक चेहऱ्यावर वीज कडाडते.

'आई कुठे काय करते' हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. मूळ बंगाली 'श्रीमोयी'. हिंदीत तिचीच 'अनुपमा' झाली. पंचवीस वर्षं संसार केलेल्या अरुंधतीला नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळतं, तिथपासून घटस्फोटापर्यंतचे भाग मी कुणालाही बिनधास्त बघा म्हणेन. मधुराणी प्रभुलकरने ती बाई बिचारी होऊ दिली नाही. ती चिडते, थकते, स्वतःवरच हसते. मिलिंद गवळींचा अनिरुद्ध तर इतका घराघरातला की माझ्या एका मावशीने त्यांच्या जाहिरातीचा पेपरातला फोटोसुद्धा उलटा करून ठेवला होता. घटस्फोटानंतर गोष्ट संपली होती. मालिका मात्र नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. मधल्या काळात त्या घरात अपघात, कट, अनोळखी संकटं अशी येत गेली की अरुंधतीला आयुष्य जगायला वेळच मिळेना. 'ठरलं तर मग' सुरुवातीला मी आवडीने पाहिली, जुई गडकरी आणि अमित भानुशालीची जोडी ताजी वाटायची. पण खटल्याची तारीख पुढे ढकलावी तशी मालिकेतली सत्यं पुढे ढकलली जातात, आणि तिथे माझा संयम संपला.

जुन्यांत मागे जायचं असेल तर 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग शोधा. माधव अभ्यंकरांचा अण्णा नाईक हा मराठी मालिकांनी दिलेला शेवटचा मोठा खलनायक, असं मी ठामपणे म्हणते. मालवणी भाषेचा दरारा काय असतो तो त्या माणसाच्या खोकल्यातूनही कळायचा.

नटनट्यांत तुम्हाला नावंच हवी असतील तर अनिता दातेचा माग काढा. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली नागपूरची राधिका म्हणून ती घराघरात पोचली, पण 'मी वसंतराव' सिनेमात गायक वसंतराव देशपांडेंच्या आईची भूमिका करताना तिने राधिकेचा मागमूसही ठेवलेला नाही. 'वाळवी'त तिसरीच. 'जारण' हा २०२५ चा हृषीकेश गुप्ते यांचा भयपट, त्यात ती आणि अमृता सुभाष दोघी आहेत. अमृताला 'श्वास'मध्ये आपण पाहिलं तेव्हा ती नवखी होती. 'जारण'मध्ये ती एका क्षणात घाबरलेली आणि पुढच्याच क्षणात जिची आपल्याला भीती वाटावी अशी होते, आणि मधला सांधा सापडत नाही. शेवटाबद्दल आमच्या घरात अजून वाद आहेत. नवऱ्याच्या मते तो फसलाय, माझ्या मते त्याला कळला नाही. तुम्ही बघून झालात की इथेच खाली लिहा, कुणाच्या बाजूने आहात ते.