जंताचं औषध दिलं तरी शेळ्या खंगायल्यात

प्रश्न: आमच्या उस्मानाबादी शेळ्या पावसाळ्यात खंगायल्यात, जबड्याखाली सूज आलीय. अल्बेंडाझोल पाजलं तरी फरक नाही. दोन गाभण आहेत, काय करू? (शेळीपालक, भूम)

उत्तर: भाऊ, आधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, लालसर गुलाबी पाहिजे, पांढरीफटक दिसली तर पोटातले जंत रक्त पितायत अन् सूजही बहुतेक त्याचीच, तिला आजच डॉक्टरला दाखवा. औषध अंदाजे पाजू नका हो, वजन करूनच द्या, डोस कमी पडला की चिवट जंत उरतात आणि पुढं तेच औषध लागू पडत नाही. नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला अल्बेंडाझोल अजिबात नको, पोटातल्या पिल्लाला व्यंग येऊ शकतं. गाभणीला फेनबेंडाझोल चालतं, पण तेही अल्बेंडाझोलच्याच गटातलं आहे, म्हणून लागू पडेल का अन् डोस किती, ते डॉक्टरला विचारा. लेंडीपण तपासून घ्या.